चाळीस टाके

ओठ मिटून मावशी चादरीला तुरपाई घालत होती. मी काही विचारायला तोंड उघडलं, तशी तिच्या सुनेने मला खूण केली.

"आत्ता नको. बोललं की त्यांची जीभ लवकर जागी होते. मग सगळं पहिल्यापासून."

मावशी इस्पितळाच्या चादरी शिवते. पण तिच्या वस्तीत कुणाचं माणूस गेलं आणि ते जाणं घरच्यांच्या आत पोचत नसलं, तर तीच एका वेलीची मुळी कुटून पाण्यात मिसळते आणि वाडगाभर प्यायला देते. हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. आता ते चालू ठेवायचं की बंद करायचं, हे एक सरकारी समिती ठरवणार होती. मी प्रयोगशाळेतून तीन वाडग्यांचे नमुने घ्यायला आले होते. तीन वेगवेगळ्या वेली, आणि तिन्ही वाडगे माझ्या डोळ्यांसमोर तयार केलेले. त्यांच्या तीव्रतेत दहा टक्क्यांहून जास्त फरक निघाला, तर बंदी.

"चौतीस," मावशी म्हणाली. "पातळ आहे." तिने चिमूटभर मुळी घातली, ढवळून एक थेंब जिभेवर टाकला आणि पुन्हा सुई उचलली. या वेळी नेमके चाळीस टाके झाल्यावर जिभेचा बधिरपणा उतरला. तिने वाडगा माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या वेलीचे शेहेचाळीस झाले, त्यात तिने पाणी वाढवलं.

तिन्ही वेळा मुळी वेगळी, पाणी वेगळं. मी फॉर्मवर लिहिलं : माप नाही, अंदाजाने.

"काय लिहिलंस गं?"

"माप नाही म्हणून."

मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "मग इतका वेळ मी गप्प बसले ती काय हौस म्हणून? विचार हिला, मला जमतं का गप्प बसायला."

"अजिबात नाही," सून म्हणाली. मग मला म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा मी आठ दिवस त्यांचा डबा भरत होते. यांनी वाडगा दिला. दोन तास पडून राहिले. उठले तेव्हा कळलं, बाबा नाहीत."

प्रयोगशाळेत मोजलं, तर तिन्ही वाडग्यांत फरक निघाला दोन टक्के.

"यंत्र तपास," साहेब म्हणाले. तपासलं. पुन्हा दोनच. मग मी नुसत्या मुळ्या मोजल्या. जुन्या वेलीच्या मुळीत कोवळ्या वेलीच्या मुळीपेक्षा जवळजवळ दुप्पट अर्क होता. माझ्या टिपणात वेळा होत्या : चाळीस टाक्यांना चार मिनिटं दहा सेकंद, तिन्ही वेळा, सेकंद इकडे की तिकडे. काचेच्या मोजनळीने, पदवी घेऊन, मी द्रावण करते तेव्हा तीन टक्के चुकते. त्या दुपारी मी नळ्या धुवायच्या सोडून खिडकीशी बसून राहिले. इतकं अचूक काही मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते पाहत असताना मला ते दिसलंही नव्हतं.

फॉर्मवरची ओळ खोडली आणि दोन पानं लिहिली. थेंब, जीभ, सुई, टाके. काही म्हणून सोडलं नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. परवानगी मिळाली होती. अट पाचवी : तयार करणाऱ्या कुणीही द्रव तोंडात घेऊ नये. खाली संदर्भ दिला होता, माझ्या दोन पानांचा.

पत्र घेऊन मी स्वतःच गेले. मावशीच्या खोलीत वस्तीतला लिफ्टमन बसला होता. बायको जाऊन त्याला नऊ दिवस झाले होते. तो रडला नव्हता, सकाळी अजून दोन कप चहा करायचा. त्याची बहीण त्याला इथे बसवून कामावर गेली होती. वाडगा तयार होता, थेंब घ्यायचा तेवढा राहिला होता.

मी मावशीला बाजूला नेऊन पत्र वाचून दाखवलं. पाचवी अट तिने दोनदा वाचायला लावली.

"सुनेनंही चाखायचं नाही?"

"कुणीच नाही. मोडलं तर सगळ्या वस्तीची परवानगी जाईल. मी दुरुस्तीचा अर्ज करते, पण तीन महिने लागतील." मी डोळे पुसले. "मावशी, हे माझ्यामुळे झालं. मी सगळं लिहिलं."

"खरं तेच लिहिलंस ना?"

"हो."

"मग रडू नकोस."

सून हळूच म्हणाली, "आई, चाळीस वर्षांचा हात आहे तुमचा. आज अंदाजानं द्या."

मावशीने वाडग्याकडे पाहिलं, मग दाराशी बसलेल्या त्या माणसाकडे. "कमी पडलं तर निभावेल. जास्त झालं तर हा दोन दिवस उठायचा नाही. कुणाच्या लेकराला मी अंदाजानं पाजलेलं नाही." तिने वाडगा खिडकीतल्या कुंडीत रिकामा केला आणि धुऊन पालथा घातला.

"आज नाही जमत रे बाबा," ती लिफ्टमनला म्हणाली. "थोडं थांबावं लागेल."

तो लगेच उठला. पाळी लवकर सुटल्यासारखा.

"चालेल की मावशी. तसाही उशीर झालाय. ती वाट बघत असेल."

सुनेने मान खाली घातली. मावशीने चपलांत पाय सरकवले आणि त्याचं कोपर धरलं.

"चल," ती म्हणाली. "तुझ्या दारापर्यंत येते."