अंधारी

रंजनीला गाडी चालवताना अंधारी आली, असं घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तिचे वडील व्यासराज लग्नामुंजींची जेवणं करून देत. आजोबांच्या काळात तंजावरहून चेन्नईला आलेलं हे मराठी कुटुंब अण्णा नगरात राहत होतं. घरामागच्या शेडमध्ये स्वयंपाक व्हायचा आणि भरलेली पातेली पोचवायला एक जुनी डिझेल पिकअप होती. पेरुंगुडीच्या कंपनीतली नोकरी सोडून रंजनी वडिलांच्या कामात आली, तेव्हापासून गाडी तिच्याच हातात होती. अरुंद गल्लीत ती पिकअप मागे घेत आत घालताना शेजारचे लोक थांबून बघत.

त्या दिवशी ती कोवलमला साखरपुड्याचं जेवण पोचवून, रिकामी पातेली घेऊन एकटीच परतत होती. दिवेलागण झाली होती. ईस्ट कोस्ट रोडवर, जिथे दुकानं संपतात आणि नुसती सुरूची झाडं लागतात, तिथे एका खड्ड्यानंतर इंजिन एकाएकी बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं. गाडी कशीबशी डावीकडे घेते तोच मागून काहीतरी आदळलं आणि पातेली धडाधड एकमेकांवर कोसळली.

ती उतरून धावली. एक मोपेड आडवी पडली होती आणि बाजूला एक माणूस मांडी धरून ओरडत होता. त्याचं नाव एळुमलै. तो कोवलमच्या कोळीवाड्यातला, मासळी घेऊन शहराकडे निघालेला. मांडीचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा एकच म्हणत राहिला, "पुढं दिवा नव्हता. गाडीच नव्हती. एकदम लोखंड आलं."

पण आवाज ऐकून धावत आलेल्या लोकांनी पाहिलं, तर पिकअपचे मागचे दोन्ही लाल दिवे चांगले जळत होते. कुणीतरी म्हणालं, प्यालेला असेल. मग सगळेच तसं म्हणू लागले.

रंजनीनं ते ऐकलं. तिला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

व्यासराज आणि तिची आई अलमेलू हॉस्पिटलात पोचले तेव्हा ती बाकावर हात मांडीवर ठेवून बसली होती.

"काय झालं गं?" व्यासराजांनी विचारलं.

"इंजिन बंद पडलं, अप्पा. आणि समोर सगळं काळं झालं."

"काळं झालं म्हणजे? अंधारी आली?"

"माहीत नाही. काळं झालं, एवढंच."

"ऐयो, सकाळपासून पोटात काही नाही हिच्या," अलमेलूनं कपाळाला हात लावला. "कॉफीवर दिवस काढते. मला ठाऊक होतंच, असं काही होणार."

तिथून ते ठरलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोकं तपासलं, काही सापडलं नाही. तरी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काही दिवस गाडी चालवू नको म्हणाले. घरात येणारा-जाणारा तिची चौकशी करू लागला. चक्कर कशी येते? आधी कानात वाजतं का? ती आठवून बघायची. कानात वाजल्यासारखं वाटायचंही. जिना उतरताना ती कठडा धरू लागली. पोलिसांनी जबाब घेतला तेव्हा ती म्हणाली, नीट आठवत नाही. रहदारीच्या रस्त्यावर नुसती चालत असली तरी तिला वाटे, आता काळं होईल, आता होईल.

इकडे व्यासराजांनी पिकअप शेडसमोर घेऊन बॉनेट उघडलं. या गाडीचं बरंचसं काम ते स्वतःच करत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. डिझेलचा फिल्टर उघडला तर तळाशी पाणी साचलेलं. त्यांनी टाकी उतरवून धुतली, फिल्टर नवा घातला, डिझेलचा हातपंप मारून पाइपातली हवा काढली. इंजिन पहिल्याच किल्लीला लागलं.

"डिझेलात पाणी होतं," ते घरात येऊन म्हणाले. "म्हणून बंद पडली. आता घोड्यासारखी पळेल."

"मग दिवे?" रंजनीनं विचारलं.

"दिव्यांचं काय? दिवे होतेच की. एवढ्या लोकांनी पाहिले."

पाण्यानं इंजिन बंद पडलं, चक्कर येऊन अंधार झाला. दोन्ही गोष्टींना कारण मिळालं होतं.

एक गोष्ट मात्र व्यासराजांनी कुणाला सांगितली नव्हती. अपघाताच्या थोडे दिवस आधी, भाजी आणताना, ही गाडी त्यांच्या हातातही अशीच बंद पडली होती. भर दुपारी. उतरून बॉनेट आपटलं, हातपंप मारला, आणि ती सुरू झाली. डिझेलात हवा गेली असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं आणि त्याच आठवड्यात मुलीला कोवलमला पाठवलं.

पुढच्या मोसमातलं पहिलं मोठं काम पेरुंगुडीला होतं. व्यासराज स्वतः चालवत होते, रंजनी शेजारी बसली होती. संध्याकाळ नुकतीच मावळली होती. कंपन्या सुटल्यानं रस्ता भरून वाहत होता. रस्ता खणून बुजवलेल्या एका उंचवट्यावरून पुढची चाकं गेली, आणि समोरचा उजेड नाहीसा झाला. हेडलाइट, काटे, मीटरवरचे बारीक दिवे, सगळं. इंजिनचा आवाजही त्याच क्षणी थांबला.

व्यासराज किल्ली फिरवत राहिले. मागून एका मोठ्या बसचा हॉर्न आला, ब्रेकची किंचाळी आली. बस अगदी जवळून, उजवीकडून निघून गेली आणि पिकअप सबंध हलली. रंजनीनं हात लांब करून स्टिअरिंग ओढलं. गाडी घरंगळत फुटपाथला लागली.

"रंजू," व्यासराज म्हणाले, "समोर..."

"काळं झालं," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघू शकले नाहीत.

ती खाली उतरली. आधी सगळी पातेली रिक्षा-टेंपोत घालून मंगल कार्यालयात पाठवून दिली, मग गाडी ओढून शेडला आणवली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तिनं टेस्ट लँप आणला. एक टोक सुईसारखं, दुसऱ्या टोकाला चिमटा, वीज असेल तिथे पेटणारा छोटा दिवा.

"फिल्टर पुन्हा बघतो," व्यासराज म्हणाले.

"डिझेलला हात लावू नका, अप्पा. इंजिन आणि दिवे एकदम गेले. डिझेल संपलं तर दिवे कशाला जातील?"

"पण वीज गेली म्हणून डिझेल इंजिन थांबत नाही. त्याला ठिणगी लागते कुठे?"

"ठिणगी लागत नाही. पण पंपावर विजेचा खटका आहे. वीज आहे तोवर तो डिझेलची वाट उघडी ठेवतो. वीज गेली की वाट बंद."

व्यासराजांना खटका माहीत होता. त्यांनीच तो एकदा बदलला होता. पण त्याच्या मागे जाऊन विचार करायचं त्यांना सुचलं नव्हतं.

तिनं सगळे दिवे लावले आणि वडिलांना समोर उभं केलं. बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्हींची वीज ज्या एका जाड वायरनं किल्लीकडे, खटक्याकडे आणि दिव्यांकडे जाते, ती वायर ती हातानं चाचपत चालली. जागोजाग हलवून बघत होती. बॅटरीच्या तळाच्या पत्र्यामागे, जुन्या काळ्या टेपखाली, तिच्या बोटांना एक गाठ लागली. तिनं ती जराशी ढकलली.

हेडलाइट गेले.

पुन्हा ढकलली. आले.

"काय दिसतंय?" तिनं बॉनेटमागून विचारलं.

"गेले," व्यासराज म्हणाले. "आले. परत गेले."

टेप सोलली तेव्हा आत कुणीतरी कधीतरी पिळून केलेला जोड होता. खाऱ्या वाऱ्यानं तांब्याची हिरवी पूड झाली होती, चारदोन तारा तेवढ्या एकमेकींना टेकून होत्या. खड्ड्यात चाक गेलं की सुटायच्या. गाडीला धक्का बसला की पुन्हा टेकायच्या.

"मोपेड आदळली, त्या धक्क्यानं दिवे परत लागले," रंजनी म्हणाली. "लोक आले तेव्हा ते जळत होते." मग तिला पुढचं लक्षात आलं आणि ती तशीच वाकलेली राहिली. "तो खरं बोलत होता, अप्पा. त्याला दिवा दिसलाच नव्हता."

व्यासराज शेडच्या पायरीवर बसले. "तू पण खरंच सांगत होतीस."

"मी सांगितलं तेव्हा मला आजार होता. तुम्हाला दिसलं तेव्हा गाडीत बिघाड निघाला." तिचा आवाज चढला नव्हता. "मी जिने उतरायला घाबरत होते. रात्री डोळे मिटायला घाबरत होते. तुम्ही एकदा तरी गाडी अंधारात चालवून बघायची होती."

"मला आधी माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी भर दुपारी गाडी बंद पडल्याचं सांगितलं. सगळं ऐकून रंजनीनं टेस्ट लँप खाली ठेवला, हात पुसले आणि आत निघून गेली. दुपारच्या जेवणाला ती बाहेर आली नाही. अलमेलूनं दार वाजवलं तर म्हणाली, "अम्मा, मला चक्कर नाही आली. आज तरी तसं म्हणू नको."

संध्याकाळी तीच बाहेर आली आणि म्हणाली, "कोवलमला जायचं."

दुसऱ्या दिवशी ते बसनं गेले. एळुमलैचं घर समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत होतं. तो दारातल्या खाटेवर पाय लांब करून बसला होता. त्याची बायको कनगा जाळ्याचा गुंता सोडवत होती. पाहुण्यांना ओळखल्यावर तिनं मान खाली घातली आणि हात चालू ठेवले.

व्यासराजांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं. वायरचा जोड सांगितला. गाडी आपल्या हातात आधी बंद पडली होती, तेही सांगितलं. "पोरीची चूक नाही, तुमचीही नाही. मालक मी. पोलिसांकडे जाऊन हे लिहून देणार आहे."

एळुमलै बायकोकडे वळला. "ऐकलंस?"

कनगाचे हात थांबले.

"मी सांगत होतो, थेंबही घेतला नव्हता," तो म्हणाला. "पूर्वी घ्यायचो, म्हणून कुणी ऐकलं नाही. ही पण नाही. माझी आई पण नाही." त्याचे ओठ हलत राहिले. "पाय मोडला ते सोसलं. हे नाही सोसलं."

रंजनी खाटेजवळ खाली बसली. "मला पण वाटलं, तुम्ही प्यालेले असाल," ती म्हणाली. "तसं वाटून मला बरं वाटलं होतं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आणि तुला काय म्हणाले?"

"मला चक्कर आली म्हणाले."

तो हसला नाही, पण मान हलवली, जसं एखाद्या ओळखीच्या गावाचं नाव ऐकून हलवावी.

कनगा उठली. ती व्यासराजांसमोर येऊन उभी राहिली. "माहीत असून पोरीला त्या गाडीत बसवलंत," ती म्हणाली. "स्वतःच्या पोरीला." आणि आत निघून गेली. चहापाणी विचारलं नाही, आणि ते विचारावं असं कुणाला वाटलंही नाही.

व्यासराजांनी जबाब लिहून दिला. प्रकरण त्यांच्या नावावर गेलं आणि अजून चालू आहे. एळुमलै काठी घेऊन चालतो. मासळी आता कनगा नेते. महिन्या-दीड महिन्यानं व्यासराज तिथे जातात. एळुमलै त्यांच्याशी दोन शब्द बोलतो. कनगा बोलत नाही.

रंजनीनं पिकअपची सगळी वायरिंग नवी करून घेतली, वर्कशॉपमध्ये स्वतः उभी राहून. पुन्हा किल्ली हातात घेतली तेव्हा व्यासराज शेजारी बसायला निघाले. ती म्हणाली, "एकटी जाते, अप्पा." ईस्ट कोस्ट रोडला लागेपर्यंत ठीक होतं. सुरूची झाडं सुरू झाली तशी तिनं गाडी बाजूला घेतली, दिवे चालू ठेवून खाली उतरली, मागे जाऊन पाहिलं. दोन्ही लाल दिवे जळत होते. ती पुन्हा बसली. थोडं पुढे जाऊन परत थांबली, परत उतरून पाहिलं. कोवलमला पोचेपर्यंत ती असंच करत गेली.