मोटरचा हात

गोडदेव नाक्यावरच्या क्लासमध्ये सर डावं-उजवं करतात, असं तेजश्रीचं ठाम मत होतं. संजनाने उत्तर दिलं की सर खूश, हिने दिलं की नुसतं ‘हं’. वर घरी आईचं पालुपद, “ती संजना बघ, तुझ्यापेक्षा उजवी!” तेजश्रीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

परवाच्या टेस्टमध्ये प्रश्न आला: मोटरमधली तार कोणत्या दिशेला ढकलली जाईल? नियम पाठ होता: मोटरला डावा हात, जनरेटरला उजवा; अंगठा आणि दोन बोटं काटकोनात ताणायची, अंगठा दाखवेल ती दिशा. तेजश्रीने डाव्या हाताची बोटं ताणली, अंगठा वर आला. तिने ‘वर’ लिहिलं. तेवढ्यात पुढच्या बाकावर संजनाने बोटं ताणली, तर अंगठा खाली! ‘मेलीचं कधी चुकतं का?’ जळफळत तेजश्रीने ‘वर’ खोडून ‘खाली’ लिहिलं.

पेपर मिळाले. त्या प्रश्नाला हिला भोपळा, संजनाचं बरोबर.

“पण तुझा अंगठा तर खाली होता!” तेजश्री बोलून गेली.

संजना हसली. “अगं, मी डावखुरी ना! डाव्या हातात पेन, म्हणून आधी उजवाच उचलला. मग पेन ठेवलं आणि डाव्याने केलं, तर अंगठा वर!”

तेजश्रीने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो तर पहिल्यापासून मोकळाच होता.