गिनती बराबर होती

परभणीच्या शाळेत नववीला येऊन रेणुकाला दोन महिने झाले होते. तेवढ्यात ती एकच खोटं बोलली होती, पण चांगलं दणदणीत. वडिलांचं सेलूला कापडाचं दुकान आहे, असं तिने पहिल्याच दिवशी ठोकून दिलं. तिच्या वडिलांनी, वालूरच्या मल्हार देवकत्यांनी, जन्मात कधी दुकान टाकलं नव्हतं. त्यांची दीडशे मेंढरं होती. पण वर्गातल्या पोरी मेंढरं म्हटलं की नाक मुरडतील, ही तिला धास्ती. म्हणून ती कमीच बोलायची, चुकून ‘हाय’ आणि ‘न्हाई’ निसटायला नको.

सहल येलदरीच्या धरणावर गेली. निघायच्या वेळी पौळ सरांनी बसमध्ये डोकी मोजली. बेचाळीस. त्यांनी ड्रायव्हरला हात केला, बस घरघरली.

रेणुकाने सवयीने मागे वळून सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती ओरडलीच.

“सर, थांबा! एक जण राहिली.”

“बेचाळीस भरले की गं. दोनदा मोजलंय मी.”

“मोजून कळत नसतं, सर.”

सगळी बस हसली. राजेश्री तर खिदळलीच, “हिला आधी गणित शिकवा!” सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “मग कशानं कळतं?”

आता आली का पंचाईत! खरं सांगावं तर दोन महिन्यांचं दुकान एका मिनिटात बसणार, आणि गप्प राहावं तर कुणाची तरी पोर धरणावर राहणार. शेवटी रेणुका उठली, आणि तोंडात घरचीच बोली आली.

“सर, आमच्या घरी मेंढरं हायत. दुकान-बिकान काई न्हाई, मी खोटं बोलले. सांजच्याला आमी गिनती करत न्हाई, तोंडं बघताव. दुसऱ्याचं मेंढरू आपल्यात शिरलं की गिनती बराबर भरती, आन आपलं रानात वरडत बसतंय. त्या मागच्या शिटावर झोपलेली आपली न्हाई. आन वर्गात तिसऱ्या बाकावर बसती, चप्पल घासत चालती ती, हितं न्हाई.”

सर मागे गेले. झोपलेल्या पोरीचा स्कार्फ बाजूला केला, तशी ती दचकून उठली आणि रडायलाच लागली. ती दुसऱ्याच शाळेची होती, गणवेश तेवढा तसाच, पांढरा-निळा. तिची बस अजून पलीकडे उभी होती म्हणून बरं. आणि आपली धम्मशीला नळावर सापडली, निम्म्या वर्गाच्या बाटल्या भरत. त्यात राजेश्रीचीही होती. बाटली देताना सगळ्यांना ती आठवली होती, बस सुटताना कुणालाच नाही.

बस निघाली तेव्हा कुणी खिदळत नव्हतं. पुढच्या सीटवरून राजेश्री मागे वळली, आता तिच्याही तोंडी घरचीच बोली. “आन मला कशावरून वळखतीस गं?”

“तू हसायच्या आधी शेजारणीकडं बघतीस.”

राजेश्री गोरीमोरी झाली. मग तीच आधी हसली, या वेळी कुणाकडेही न बघता.

धम्मशीला रेणुकाच्या शेजारी येऊन टेकली. बराच वेळ बाटलीच्या झाकणाशी चाळा करत राहिली. मग ओशाळून म्हणाली, “तुझं नाव... रेखा ना?”

रेणुकाला लागलं. लागणारच. पण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

“रेणुका,” ती म्हणाली. “रेणुका मल्हार देवकते. वालूरच्या मेंढरवाल्याची.”

आवाज रानात लावायचा तसा लागला. ड्रायव्हरनेसुद्धा वळून पाहिलं.