श्री कापलेली फिल्म

"फोटो तुम्ही काढलात. गाडी तुमची, मशीन तुमचं, बायांना रांगेत उभं करणारी माणसंसुद्धा तुमचीच. मग फोटो तुमच्याकडं नाही कसा?"

महिपतला टेबलावर हात आपटायचा होता. पण बोटांना लाल ऑइलपेंट लागलेला होता आणि टेबलावर काच होती. त्यानं हात पाठीमागं धरले.

टीबीच्या ऑफिसातल्या राजश्री मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "काका, ओरडू नका. ती शिबिराची गाडी कंत्राटावरची. कंत्राट संपलं, गाडी गेली. कंप्युटर गाडीतच होता."

"गेली कुठं?"

"ते मला कसं माहीत असणार? फिल्म तुमच्या हातात दिली होती ना? सांभाळून ठेवा, असं सगळ्यांना सांगितलं होतं."

महिपतनं दाराकडं बघितलं. दाराबाहेरच्या बाकावर त्याची बायको काशी बसली होती. नव्या फोटोचं पाकीट तिनं पदराखाली धरलं होतं, पावसाचा एखादा शिंतोडाही लागू नये म्हणून. तिला सगळं ऐकू येत होतं.

खोकला जात नव्हता म्हणून तिला दाखवलं, तर छातीच्या उजव्या बाजूला, खाली, पांढरा डाग निघाला. सीटी स्कॅन झाला. स्कॅननं डागाचं माप सांगितलं, वय सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोक डागाभोवती फिरवलं होतं.

"पूर्वी कधी छातीचा फोटो काढला होता?"

"तीन वर्षांमागं. गावात टीबीची गाडी आली होती तेव्हा."

"तेव्हा काय म्हणाले?"

"काय नाय, जा, म्हणाले."

"लिहून दिलं?"

"नाय."

"ती फिल्म आणा. तेव्हाही डाग एवढाच असेल, तर बहुतेक जुना वण आहे, सोडून देता येईल. तेव्हा नसेल, तर मात्र कॅन्सर धरून चालायचं. मुंबईला जाऊन सुईनं तुकडा काढायचा, मग पुढचं. आणि फिल्म मिळाली नाही तरी थांबू नका."

काशीनं यातलं शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. शेजारच्या गंगारामला गळ्याच्या कॅन्सरसाठी मुंबईला मशीनचा शेक दिला होता. गळा कोळशासारखा काळा पडला, आवाज गेला, आणि मग गंगारामही गेला. आधी सुई, मग शेक, मग चार माणसांचे खांदे, एवढंच तिला ठाऊक होतं. शेक घेऊन बरं झालेलं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. तसं माणूस दाखवायला तिच्या दारात कोणी आलंही नव्हतं. फोटो काढायला मात्र गाडी आली होती, भोंगा लावून.

"आधी जुना फोटो दाखवा," तिनं महिपतला सांगितलं. "त्यात डाग नसेल, तर जाईन मी मुंबईला. नायतर मेले तरी जायची नाय."

एसटी पूर्णगडच्या रस्त्याला लागली तेव्हा ती म्हणाली, "कपाटावर ठेवला होता मी तो. पिशवीत घालून."

"वाळवी लागली असेल."

"वाळवी प्लास्टिक खाते?"

महिपत खिडकीबाहेर बघत राहिला. खाडीत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्या होत्या, काहींवर नवा रंग चढला होता. सगळा रंग त्याच्याच हातचा. नारळी पौर्णिमेच्या आधीचे हे दिवस म्हणजे त्याचा हंगाम. प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाला नाव, आणि नावाच्या आधी मोठी लाल श्री. अक्षराचा साचा कापून त्यातून रंग मारायला एक्सरेच्या फिल्मसारखी चीज नाही. पुठ्ठा रंगानं फुगतो, पत्रा हाताला लागतो, फिल्म वर्षानुवर्षं टिकते. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. कुणाचा पाय बरा झाला, कुणाचं म्हातारं गेलं, की फिल्म महिपतच्या पडवीत येऊन पडायची.

घरी आल्यावर त्यानं हातपाय धुतले नाहीत. खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली आणि झाकण उघडून तिच्यासमोर बसला.

काशी पेटीकडं बघत राहिली. मग त्याच्याकडं.

"कापलात?"

"नॉर्मल आहे म्हणाले होते ना गो. मला वाटलं, काय करायचंय."

"कुठलं अक्षर?"

"ते नाय आठवत."

तो एकेक फिल्म काढून उजेडाला धरू लागला. बरगड्या, बरगड्या, कुणाचा तरी गुडघा, पुन्हा बरगड्या. नावं कोपऱ्यात असायची, आणि कोपरे त्यानं सगळ्यात आधी उडवलेले. दोन्ही अंगांना रंगाचे थर. इतकी वर्षं ज्या छातीशी निजला, ती त्याला ओळखू येईना.

"पीन बघा," काशी म्हणाली.

"कसली पीन?"

"ब्लाउजची. खांद्यापाशी राहिली होती. त्या मशीनवाल्यानं नंतर बघितली आणि माझ्यावर खेकसला. पुन्हा काढायला वेळ नाय म्हणाला, चला पुढं."

पीन सापडली. रंग ब्लेडनं खरवडल्यावर खांद्याच्या हाडाशेजारी दिसली, बारीक, पांढरी, मिटलेली. ती फिल्म श्रीची होती. सगळ्यात जास्त वापरलेली.

काशीला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला आणि ती भिंतीला टेकली. "म्हणजे माझी छाती सगळ्या खाडीत मिरवलीत. हर्षदच्या लाँचवर पण?"

"हर्षदच्या पण."

"त्याच्या आयशीला सांगू नका. पूजा करते ती त्या श्रीची."

तिनं पाकिटातून नवी फिल्म काढली. महिपतनं ती खिडकीच्या काचेला लावली आणि जुनी तिच्यावर ठेवली. खांद्याला खांदा, बरगडीला बरगडी जुळवली. रंगाचं काम करणारा हात, जुळवायला वेळ लागला नाही.

नवा डाग श्रीच्या पोकळीतून बाहेर बघत होता. बरोबर मधोमध. त्याच्या आसपास जुन्या फिल्मचा नखाएवढा तुकडाही उरला नव्हता.

महिपत फिल्म धरून होता, कारण सोडली असती तर खाली पडली असती. कापून काढलेला तुकडा कुठं गेला, हे काशीनं विचारलं नाही. तो कुठं जातो, हे तिला ठाऊक होतं. अंगण तीच झाडत होती.

"उद्या पुन्हा त्या मॅडमकडं जाऊ," ती म्हणाली.

"कशाला? चूक माझी आहे."

"तुमची आहेच. ती मी घरात बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसली नाही. सरळ आत गेली. महिपत दाराशी थांबला. राजश्री मॅडमनी तिला ओळखलं आणि काही बोलणार, तोच काशीनं जुनी फिल्म टेबलाच्या काचेवर ठेवली. फिल्मला टर्पेंटाइनचा वास येत होता.

"मॅडम, ही बघा पीन. ही मी."

"बरं."

"हा फोटो बघून कुणीतरी मला, काय नाय, जा, म्हणालं होतं."

"म्हणाले असतील, मावशी. शिबिरात सगळ्यांनाच..."

"सगळ्यांनाच सांगितलं, की बघून सांगितलं?"

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मागच्या टेबलावरचा पंखा कागद उडवत होता. ते दाबून ठेवायला त्या उठल्या नाहीत.

काशीनं दोन बोटं श्रीच्या पोकळीत ठेवली. खालची काच गार होती.

"मी शिकलेली नाय. हे कापलं माझ्या घोवानं, ते आमचं आमच्यापाशी. पण कापायच्या आधी हा फोटो तुमच्या माणसानं बघितला होता ना? मग त्याला विचारा. इथं, या जागी, डाग होता की नव्हता? त्यावर मी मुंबईला जायची की नाय ते ठरणार आहे."

"मावशी, तो माणूस आता..."

"त्याचं नाव तरी सांगा," काशी म्हणाली, आणि समोरची खुर्ची ओढून बसली. "सांगा. मी बसलेय."