माउस बंद पडला तेव्हा

रेवदंड्याच्या मच्छीमार सोसायटीत कॉम्प्युटर आला तेव्हापासून त्याला हात लावायचा मान एकट्या दयारामचा. दुसरं कुणी जवळ आलं की 'बिघडेल' म्हणून हाकलायचं, हा त्याचा खाक्या. करमअलीच्या सादियाने एकदा शिकायला बसू का विचारलं, तर तिलाही त्याने दारातूनच परत पाठवलं होतं.

सोमवारी माउस मेला. खाऱ्या हवेत दाराच्या कड्या टिकत नाहीत, तिथे माउस काय टिकणार! नवा अलिबागहून गुरुवारी यायचा होता. माउसशिवाय आपल्याला साधं कोरं पानही उघडता येत नाही, हे दयारामला ठाऊक होतं. पण बावीस वर्षं मिरवल्यावर ते सांगायचं कोणत्या तोंडानं? केसर मासळीवाली लेक आरोहीच्या वसतिगृहासाठी सोसायटीचं पत्र मागायला आली. हाताने लिहिलेलं चालणार नव्हतं. दयारामने सर्व्हर बंद असल्याचं ठोकून दिलं. पत्राला सर्व्हर लागतच नाही, हे त्या बिचारीला कुठून कळणार? मंगळवारी पुन्हा तीच थाप.

बुधवार वसतिगृहाच्या अर्जाचा शेवटचा दिवस. केसर पाटी बाजारातच टाकून आली आणि बाकावर बसूनच राहिली. नेमकी सादिया बापाच्या होडीसाठी बर्फाची कुपनं न्यायला आलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "काका, मी बघू?"

दयाराम उठला. सादियाने खिडकीची खूण असलेली कळ आणि आर एकदम दाबले, उघडलेल्या चौकटीत नोटपॅड लिहिलं आणि एन्टर मारलं. कोरं पान हजर. पत्र टाइप झालं, छापणंही कळांवरच उरकलं. दहा मिनिटांत शिक्का पडला. पोर त्याला एका शब्दाने बोलली नाही. हसली असती तर परवडलं असतं, असं दयारामला वाटलं.

पत्राची घडी घालता घालता केसरने विचारलं, "म्हंजे सोमवारीच झालं असतं?"

आणखी एक थाप त्याच्या ओठांवर आली होती. ती त्याने गिळली.

"व्हय. मला येत न्हवतं."

केसरने पत्र कमरेला खोचलं.

"आरोही काल हेच बोलत होती, दयारामभाऊ. त्याला येत न्हाय, म्हणून सर्व्हर सांगतोय. मी तिच्या थोबाडीत मारली."