एका क्रमांकाचे दोन सर्व्हर

मित्रांनो, रक्तपेढीच्या मागच्या थंड खोलीत, लोखंडी मांडणीच्या तळाशी अखंड घुमणारा जुना सर्व्हर म्हणजे मी. कारखान्यात मला जोडले, तपासले आणि इथे आणून एक ओळख क्रमांक दिला. वरच्या कप्प्यातला मुख्य सर्व्हर रक्ताच्या प्रत्येक पिशवीची नोंद लिहीत असे आणि मी ती त्याच्याकडून मागून उतरवून घेत असे. तो बंद पडला तर नोंदी माझ्यापाशी असाव्यात, एवढाच माझा उपयोग. तो वर्षानुवर्षे बंद पडला नाही. त्यामुळे माझे कौतुकही झाले नाही. धूळ मात्र नेमाने येत असे.

पुढे माझ्या जोडीला नवा सर्व्हर आला. वेळ वाचावा म्हणून माझ्या डिस्कची हुबेहूब नक्कल त्याच्यात उतरवली होती. आम्हाला जोडले, आणि त्याच दिवशी मुख्य सर्व्हरची डिस्क खरखरू लागली.

आता लक्ष देऊन ऐका. मी नोंदी मागितल्या की नव्याची जोडणी तुटे. तो परतला की माझी तुटे. एखादी नोंद हाती येते न येते तोच दार बंद. आम्ही दोघेही मागे पडत होतो आणि वरची डिस्क अखेरच्या घटका मोजत होती.

"भूत शिरलंय," प्रयोगशाळेतले काका दारातूनच म्हणाले.

"भूत दोघांना आळीपाळीनं कशाला धरेल?" आमची देखभाल करणारी ताई म्हणाली. तिने तारा बदलून पाहिल्या होत्या, फरक शून्य.

"ते तूच त्याला विचार, बाई. तिकडे शस्त्रक्रियेला पिशवी मागतायत. आज तपासलेली आहे, पण वरचा सर्व्हर पडद्यावर नोंद दाखवेना, आणि ती दिसल्याशिवाय मी देणार नाही."

"नकाच देऊ. जरा थांबा."

तिने नव्याला थांबवले. माझ्याकडे नोंदी धो धो वाहू लागल्या. मला थांबवून त्याला सोडले, त्याच्याकडेही तसेच.

"एकेकटे शहाणे, एकत्र आले की मारामारी," ती पुटपुटली.

"माझ्या घरी ये कधी," काका म्हणाले.

ताईने आम्हा दोघांना आपापला क्रमांक विचारला. उत्तर एकच आले. डिस्कबरोबर माझा क्रमांकही नव्याकडे गेला होता! एकच सर्व्हर पुन्हा दारात आला, असे समजून मुख्य सर्व्हर दर वेळी आधीची जोडणी तोडत होता.

नव्याला वेगळा क्रमांक मिळाला मात्र, आम्ही दोघे सुसाट सुटलो. नोंदीमागून नोंद, पिशवीमागून पिशवी. शेवटची नोंद माझ्यात उतरली आणि वर एक 'टक्' झाले. मग शांतता.

"गेला," ताई म्हणाली.

"अरे देवा. आणि माझी पिशवी?"

"आहे. खालच्यात बघा."

काकांनी पडद्यावरची नोंद पिशवीवरच्या चिठ्ठीशी दोनदा ताडली आणि ते या वयात धावत सुटले.

मित्रांनो, आता मुख्य सर्व्हर मीच आहे. माझ्या हव्या तेवढ्या नकला काढा. पण प्रत्येकीला तिची स्वतःची ओळख द्या, आणि नोंदी खरोखर पोहोचतात का, हे चांगल्या दिवशीच तपासून पाहा. वाईट दिवशी काकांना थांबता येते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसाला येत नाही.