बत्तीस जीबी आणि अण्णांचं कीर्तन

सकाळी नऊ वाजता गोरक्षनाथनं कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखे घरघरले, आतला लाल दिवा लागला, आणि पडदा काळा तो काळाच राहिला. त्यानं पुन्हा बंद करून चालू केला. तेच. खुर्चीवरून उठला, ओट्यापर्यंत जाऊन आला, पुन्हा बसला. जित्राबाला खुंट्याला बांधावं आणि त्यानं फेऱ्या माराव्यात, तसं चाललं होतं त्याचं.

घाईला कारणही तसंच होतं. राहुरीपासून आठ किलोमीटरवर, मुळेच्या कालव्याकाठी त्यांचं गाव. गावात हरिनाम सप्ताह बसलेला, आणि आज त्याचा सहावा दिवस. रात्रीचं कीर्तन बाहेरून आलेल्या महाराजांचं. पण सहाव्या दिवशी दुपारी चारचं कीर्तन गावातल्याच माणसाचं, आणि बावीस वर्षं तो माणूस म्हणजे गोरक्षनाथचे वडील, पुंजाराम अण्णा. मोठे पंडित नव्हते, पण उभे राहिले की बाया पदर डोळ्याला लावायच्या आणि पोरं रडायची थांबायची. देवानं कुणाच्या गळ्यात काय ठेवलेलं असतं, ते त्यालाच ठाऊक. गेल्या सप्ताहानंतर महिन्याभरात त्याच गळ्यात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला, तो कायमचा.

तेव्हापासून अण्णा मंदिराच्या वाटेला गेले नव्हते. काय सांगायचं ते पाटीवर लिहायचे, आणि बहुतेक दिवस लिहायचेही नाहीत. सप्ताह कमिटीच्या बजरंगनं एक तोड काढली. गेल्या वर्षीचं अण्णांचं कीर्तन तीन मोबाईलवर रेकॉर्ड झालेलं आहे. ते चार वाजता मंडपात मोठ्या पडद्यावर लावायचं. पाटीवर अण्णांनी उत्तर दिलं होतं : "नीट ऐकू येत असेल तर येईन."

आणि नीटच तर ऐकू येत नव्हतं. त्या दिवशी लाईट गेलेली, मंडपामागं जनरेटर सुरू, आणि अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये अण्णांच्या आवाजावर त्याची भुणभुण. अण्णांनी एकदाच मोबाईलवर ऐकलं आणि तोंड भिंतीकडं केलं. ती भुणभुण काढणारं सॉफ्टवेअर गोरक्षनाथकडं होतं, पण त्याला मेमरी लागायची भरमसाट. कॉम्प्युटरला होती सोळा जीबी. निम्म्यावर आलं की मशीन गप्प. म्हणून त्यानं आठ-आठच्या आणखी दोन रॅमच्या पट्ट्या मागवल्या. त्या येणार होत्या सोमवारी, आल्या उशिरा, थेट काल संध्याकाळी. आज बसवल्या, तर हे असं.

"काल चालत हुता की," त्याची बायको रेश्मा चहा ठेवत म्हणाली. "चांगलं चाललेलं उघडायची खोडच हाय तुमाला."

"उघडल्याशिवाय बसवणार कसं? मंतर मारून?"

"मंतराला तरी थोडी शांतता लागती."

रेश्माचं बोलणं अगदीच वावगं नव्हतं. गोरक्षनाथ शाळेत गणित शिकवायचा, पण जीव त्याचा या डब्यात. कंपनीनं नेमून दिलेल्या वेगावर त्याचं कधीच भागलं नाही. सेटिंगमध्ये शिरून त्यानं प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळायला लावले होते. गरम होतं म्हणून दोन पंखे जादा लावलेले, एका बाजूचा पत्रा कायमचा काढलेला. "तालुक्यात असा पळणारा दुसरा न्हाई," असं तो पाहुण्यारावळ्यांना सांगायचा, आणि पाहुणे बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्या डब्यावर मारायचे.

त्यानं वायर काढली. लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि चारही पट्ट्या बाहेर घेतल्या. आधी जुन्या दोन बसवल्या : पडदा लागला. म्हणजे मशीन शाबूत आहे. जीव थोडा भांड्यात पडला. मग एक नवी एकटीच लावली, तीही चालली. मग दुसरी नवी. काळं.

"हीच ती," तो दात खात म्हणाला. पट्टी उजेडात धरली. खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते, तिथूनच सगळी देवाणघेवाण होते. त्या दातांमध्ये काहीतरी लाल भरलेलं होतं. त्यानं नखानं खरवडलं, बोटावर घेतलं, हुंगलं.

"आई!"

चांगुणाबाई देवघरातून आल्या. हातात ओली वात.

"ह्याला काय लावलंय?"

"हळदकुंकू," त्या सहज म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली. तू पिशवी तशीच टेबलावर टाकून गेल्तास. म्हनलं, अण्णांच्या आवाजाचं काम हाय, देवापुढं ठिवावी घटकाभर."

"अगं, पण दातांना?"

"मला काय ठावं तिचं तोंड कुठलं अन् पाय कुठला? एकीला वर लावलं, एकीला खाली."

रेश्मा पदर तोंडावर धरून आत पळाली. गोरक्षनाथच्या जिभेवर भलतंच आलं होतं, पण पलीकडं खाटेवर बसलेले अण्णा खांदे हलवून हसत होते. आवाज नाही, नुसतं हसणं. कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं ते. आईनं लावलेलं कुंकू. त्यावर रागावून पाप कशाला घ्या?

पोराच्या कंपासमधला खोडरबर घेऊन त्यानं दात हलक्या हातानं घासले, कोरड्या फडक्यानं पुसले, मऊ ब्रशनं खाच झाडली. चारही पट्ट्या कट्टकन बसवल्या आणि श्वास धरून बटण दाबलं. पडदा उजळला. बत्तीस जीबी.

"झालं!" तो ओरडला. "अण्णा, झालं!"

झालं कुठलं! कीर्तन सॉफ्टवेअरमध्ये घातलं, हिरवी पट्टी पुढं सरकू लागली, आणि नऊ टक्क्यांवर मशीन आपसूक बंद होऊन पुन्हा चालू झालं. दुसऱ्यांदा चौदा टक्के, आणि निळा पडदा. तिसऱ्यांदा चारच टक्के. साडेबारा वाजले. त्यानं पंख्यांची धूळ झाडली, टेबलफॅन ओढून डब्यावर रोखला, पट्ट्यांची अदलाबदल केली. मेमरी तपासायचा प्रोग्राम लावला, तर पडद्यावर लाल ओळींचा पाऊस. पण पट्टी एकेक लावली की एकही चूक नाही! चौघी एकत्र आल्या की बिघडायचं. भाकरी ताटात थंड झाली.

बजरंगचा फोन आला. मागं मंडपातला स्पीकर. "गोरखभाऊ, पडदा बांधलाय आमी. पेन ड्राईव्ह कधी येतोय?"

"येतोय. तासाभरात."

"तुमी सकाळी नऊलाबी तासाभरातच म्हणला हुता. न्हाई जमत तर सांगा मोकळं. दुसरे महाराज हायेत, त्यांना उभं करतो. जागा रिकामी ठिवता येत न्हाई."

दुसरे महाराज उभे राहिले म्हणजे अण्णांची जागा गेली. आणि आज ते गेले नाहीत तर पुढच्या सप्ताहाला तरी कशाच्या जोरावर जातील? फोन ठेवून तो उठला. त्यानं खुंटीवरची गाडीची किल्ली ओढली.

"नगरला जातो. पट्टी बदलून आणतो."

"जाऊन येऊन अडीच तास," रेश्मा म्हणाली. "मग बसवायची कवा अन् चालवायची कवा?"

तो दारातच उभा राहिला. ना आत, ना बाहेर. तेवढ्यात टक, टक असा आवाज आला. अण्णा पाटीच्या पेन्सिलीनं खाटेच्या माचव्यावर ठोकत होते. त्यानं पाहिल्यावर त्यांनी उजवा तळवा पालथा केला आणि हवेत हळूहळू खाली आणला.

तो हात गोरक्षनाथ लहानपणापासून ओळखत होता. तो अण्णांच्या मागं टाळ धरायचा, आणि रंगात आला की सगळ्यांच्या पुढं पळायचा. चाल म्हणता म्हणता अण्णा मागं न बघता तोच हात खाली आणायचे : लय उतरव, सगळ्यांना येऊ दे. कितीदा त्यांनी भर कीर्तनात सांगितलं होतं, "भजन एकट्याच्या जोरावर उठत न्हाई रं, सगळ्यांत दमानं चालणाऱ्याच्या पावलावर उठतं."

अण्णांना रॅममधलं काय कळत होतं? काहीच नाही. त्यांना पोराची घालमेल बघवत नव्हती, एवढंच. पण गोरक्षनाथ किल्ली हातात घेऊन तसाच थिजला. जुन्या पट्ट्या एका जातीच्या, नव्या दुसऱ्या. दोघींना पळणं जमत होतं, चौघींना त्या वेगात एकमेकींचा मेळ राखता येत नव्हता. पट्टी खराब नव्हतीच. घाई त्याची स्वतःची होती, दोन वर्षांपूर्वी सेटिंगमध्ये घालून ठेवलेली.

तो सेटिंगमध्ये शिरला. मोठ्या हौसेनं वाढवलेले आकडे एकेक करून खाली आणताना जिवावर आलं, खोटं कशाला बोला? सगळं कंपनीच्या मूळ वेगावर आणून ठेवलं. तपासणी लावली, एकही लाल ओळ नाही. कीर्तन लावलं. नऊ टक्के गेले, चौदा गेले, वीस झाले. मशीन शांत चालत होतं. फक्त खालच्या कोपऱ्यात लिहून आलं होतं : उरलेला वेळ, दोन तास पन्नास मिनिटं.

घड्याळात सव्वादोन वाजले होते.

"पाच वाजतील," तो हताश होऊन म्हणाला. "चारचं न्हाई जमत, अण्णा. थोडा वेग वाढवून बघू का?"

पालथा तळवा पुन्हा खाली आला, या वेळी जरा रागानंच.

मग नुसतं बसून राहणं आलं, आणि तेच कठीण. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही आणि दुसरं काही सुचत नाही. गोरक्षनाथ नखं कुरतडत होता, आकडे वाचत होता, दर पाच मिनिटांनी उठून पाणी पीत होता. साडेतीनला बजरंगचा फोन. यानं खरं ते सांगितलं, की पाच वाजतील.

"मग बोलावतो महाराजांना," बजरंग म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका."

फोन स्पीकरवर होता. अण्णांनी ऐकलं. ते उठले. खुंटीवरची पांढरी टोपी घेतली, झटकली, डोक्यावर ठेवली. गळ्याभोवती उपरणं नीट गुंडाळलं, ऑपरेशनची जागा झाकली. पाटी पुसली, लिहिली आणि गोरक्षनाथपुढं धरली :

"जागा मी धरतो. तू मागून घेऊन ये."

"अहो, पण तुमी एकटे…" चांगुणाबाई म्हणाल्या. अण्णा चपला घालून अंगणात पोचलेसुद्धा. रेश्मा स्कूटीची किल्ली घेऊन मागं धावली.

चार वाजून दहा मिनिटांनी वाऱ्याबरोबर मंडपातला टाळ ऐकू आला. आधी विस्कटलेला, मग हळूहळू एकाच ठेक्यात बसलेला. फोन वाजला. बजरंग ओरडत होता. "भाऊ, अण्णा गादीवर उभे हायेत! तोंडातून शब्द न्हाई, पण हातानं चाल देतायत, अन् अख्खा मंडप म्हणतोय! कुणी महाराज उभं राहायला तयारच न्हाई, म्हणतायत अण्णांची जागा हाय. या लवकर!"

पडद्यावर पंच्याहत्तर टक्के. गोरक्षनाथ उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"जा की," चांगुणाबाई म्हणाल्या.

"अगं, हे बंद पडलं तर?"

"मी बसते हितं. त्या हिरव्या रेघंला काय खायला घालावं लागतं का?"

"न्हाई. हात लावू नको, नुसती बघत राहा."

"बघते. माळ वढत बसते. शंभर झालं की हाक मारते."

तो अनवाणीच निघाला, बांधावरून, टाळाच्या दिशेनं. मागून खिडकीतून आईचा आवाज आला, "शहात्तर झालं रं!"